किती होड्या पुरे? वर्ग बहुपदीची कमाल आणि किमान किंमत शोधायची सोपी रीत (डेरिव्हेटिव्ह न वापरता)

दहावीच्या गणित भाग १ मधलं 'वर्गसमीकरणे' हे प्रकरण आठवतंय का? त्यात 'पूर्ण वर्ग पद्धत' नावाची एक रीत होती. बहुतेकांनी ती पेपरपुरती केली आणि नंतर सूत्रच बरं म्हणून सोडून दिली. पण माझ्या मते त्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. कारण सूत्र फक्त 'उत्तर शून्य कधी येतं' एवढंच सांगतं. पूर्ण वर्ग मात्र 'जास्तीत जास्त किती' आणि 'कमीत कमी किती' हे पण सांगतो. आणि रोजच्या आयुष्यात आपल्याला बहुतेक वेळा हेच हवं असतं.

आजच्या लेखात आपण ही रीत शून्यापासून समजून घेऊ. मग तीच रीत मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका खऱ्याखुऱ्या वादाला लावून बघू: समुद्रात किती होड्या गेल्या म्हणजे मासळी सगळ्यात जास्त मिळते, आणि कुठल्या आकड्यानंतर जास्त होड्या म्हणजे कमी मासळी होते? बारावीचं कलन यायची गरज नाही. बेरीज, गुणाकार आणि वर्ग येत असला की झालं.

आधी एक सोपं उदाहरण

समजा, तुमच्याकडे ४० मीटर जाळी आहे. घराच्या मागच्या भिंतीला लागून सुकी मासळी वाळवायला एक आयताकृती जागा बंद करायची आहे, म्हणजे कुत्री-मांजरं आत शिरणार नाहीत. एका बाजूला भिंत आहेच, म्हणून जाळी तीनच बाजूंना लागणार. आत जास्तीत जास्त जागा हवी असेल तर जाळी कशी लावायची?

भिंतीपासून बाहेर येणारी बाजू 'क्ष' मीटर धरू. अशा दोन बाजू, म्हणजे २क्ष मीटर जाळी संपली. उरलेली ४० − २क्ष मीटर समोरच्या बाजूला. मग

क्षेत्रफळ = क्ष × (४० − २क्ष) = ४०क्ष − २क्ष²

आता काही किंमती घालून बघा.

क्ष = ५ → १५० चौ. मी.
क्ष = ८ → १९२ चौ. मी.
क्ष = १० → २०० चौ. मी.
क्ष = १२ → १९२ चौ. मी.
क्ष = १५ → १५० चौ. मी.

दोन गोष्टी लगेच दिसतात. एक, आकडा आधी वाढतो आणि मग उतरतो. दोन, १० च्या दोन्ही बाजूंना तो सारखाच उतरतो: ८ आणि १२ ला तेच उत्तर, ५ आणि १५ ला तेच. पण यावरून १० हेच उत्तर आहे याची खात्री होते का? नाही. ९.९ ला किंवा १०.३ ला थोडं जास्त येत असेल तर? सगळे आकडे घालून बघणं तर शक्य नाही. इथे पूर्ण वर्ग कामाला येतो.

पूर्ण वर्ग: चार पायऱ्या

पायरी १. क्ष² चा सहगुणक बाहेर काढा.
४०क्ष − २क्ष² = −२(क्ष² − २०क्ष)

पायरी २. कंसातल्या क्ष च्या सहगुणकाचं निम्मं करा. २० चं निम्मं १०. आता (क्ष − १०)² उलगडून बघा: क्ष² − २०क्ष + १००. म्हणजे आपल्याला हवं त्यापेक्षा फक्त १०० जास्त आहेत.

पायरी ३. ते जास्तीचे १०० वजा करा.
क्ष² − २०क्ष = (क्ष − १०)² − १००

पायरी ४. परत जागेवर ठेवा.
−२[(क्ष − १०)² − १००] = २०० − २(क्ष − १०)²

बस्स, एवढंच. आता शेवटची ओळ नीट वाचा. क्षेत्रफळ म्हणजे २०० मधून काहीतरी वजा. जे वजा होतंय ते एका वर्गाची दुप्पट आहे, आणि कुठल्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो. म्हणजे २०० च्या वर जाणं शक्यच नाही. वजाबाकी शून्य व्हायला क्ष बरोबर १० च पाहिजे. ९.९ नाही, १०.३ नाही. खात्री झाली.

या रीतीचा सगळा जीव एकाच वाक्यात आहे: वर्ग कधी शून्याच्या खाली जात नाही. बाकी सगळी मांडामांड त्या वाक्यापर्यंत पोचण्यासाठी.

कुठल्याही वर्ग बहुपदीसाठी

अक्ष² + बक्ष + क अशी बहुपदी घेऊन त्याच चार पायऱ्या केल्या तर असं मिळतं:

अ(क्ष + ब/२अ)² + (क − ब²/४अ)

म्हणजे टोक येतं क्ष = −ब/२अ ला आणि तिथली किंमत असते क − ब²/४अ. आता फक्त 'अ' चं चिन्ह बघायचं.

• अ ऋण असेल तर आलेख उलट्या वाटीसारखा. टोक वर, म्हणजे कमाल किंमत.
• अ धन असेल तर आलेख सुलट्या वाटीसारखा. टोक खाली, म्हणजे किमान किंमत.

पुस्तकात या वक्राला अन्वस्त म्हणतात. हा वक्र टोकाच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, त्यामुळे एक शॉर्टकट पण मिळतो. बहुपदी दोन ठिकाणी शून्य होत असेल, तर टोक त्या दोन ठिकाणांच्या बरोब्बर मध्ये असतं. आपल्या उदाहरणात क्ष(४० − २क्ष) हे ० ला आणि २० ला शून्य होतं. मध्य १०. झालं! हा शॉर्टकट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही रीत आपल्याकडची जुनी आहे

वर्गसमीकरणाच्या दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं आणि मग क्ष च्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवायचा, म्हणजे डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो. यात अपूर्णांक येतच नाहीत, म्हणून हाताने करायला ही रीत आणखी सोपी. ती श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण भास्कराचार्यांनी (जन्म १११४) आपल्या 'बीजगणित' मध्ये त्यांचं नाव घेऊन ती दिली, म्हणून ती टिकली. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्याची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. म्हणजे महाराष्ट्रात आठशे वर्षांपूर्वी बीजगणित शिकवायची खास सोय होती, आणि आपण म्हणतो गणित काय कामाचं!

आता मालवणला जाऊया

मालवण, सर्जेकोट, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला वाद कित्येक वर्षं चालू आहे. रापणीत पन्नासेक माणसं किनाऱ्यावर उभी राहून जाळं ओढतात. किनाऱ्याजवळ येईल तेवढीच मासळी त्यांना मिळते. पर्ससीन जाळं मात्र समुद्रातच बांगड्याचा किंवा तारलीचा अख्खा थवा वेढून घेतं. त्यात प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्याची पद्धत आली आणि भांडण आणखी पेटलं.

महाराष्ट्रात १९८१ पासून सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनचा हंगाम मर्यादित करणारा आणि परवाने कमी करत नेणारा आदेश काढला. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. पावसाळ्यात १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद असते ती वेगळीच.

या सगळ्या नियमांच्या मागे एकच प्रश्न आहे: किती मासेमारी म्हणजे पुरे? आणि गंमत म्हणजे, या प्रश्नाचं सगळ्यात साधं गणिती रूप वर्ग बहुपदीच आहे.

मासळी वाढते कशी?

बेल्जियमचा गणिती फेअरहुल्स्ट याने १८३८ मध्ये लोकसंख्यावाढीचं एक साधं मॉडेल मांडलं. मासळीच्या भाषेत ते असं: समुद्रात मासळी अगदी थोडी असेल तर अंडी घालणारी मादीच कमी, म्हणून वाढ कमी. समुद्र मासळीने भरलेला असेल तर खाणं पुरत नाही, म्हणून पुन्हा वाढ कमी. मधे कुठेतरी वाढ सगळ्यात जास्त.

मी इथे मुद्दाम कल्पित आणि गोल आकडे घेतोय, म्हणजे हिशोब तोंडी करता येईल. हे मालवणचे मोजलेले आकडे नाहीत. समजा, एका खाडीसमोरच्या समुद्रात एका जातीची जास्तीत जास्त १००० टन मासळी राहू शकते. साठा 'म' टन असेल तर वर्षाची वाढ

वाढ = ०.६म × (१ − म/१०००) = ०.६म − ०.०००६म²

ही बहुपदी ० ला आणि १००० ला शून्य होते. शॉर्टकट लावा: टोक ५०० ला. पूर्ण वर्ग करून बघितलं तर

वाढ = १५० − ०.०००६(म − ५००)²

म्हणजे साठा ५०० टन असताना वर्षाला १५० टन वाढ होते. तेवढीच मासळी दरवर्षी काढली तर साठा तसाच राहतो. त्यापेक्षा जास्त मासळी कायमस्वरूपी काढताच येत नाही. या १५० ला मासेमारीच्या अभ्यासात 'कमाल शाश्वत उत्पादन' म्हणतात. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारातही हा शब्द आहे. म्हणजे आपल्या दहावीच्या अन्वस्ताचं टोक आंतरराष्ट्रीय कायद्यात जाऊन बसलंय!

होड्यांचा हिशोब

आता होड्या आणू. १९५४ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ मिल्नर शेफर याने हे मॉडेल मासेमारीला जोडलं. कल्पना साधी: समुद्रात मासळी जास्त तर प्रत्येक होडीला जास्त. समजा, एक होडी वर्षाला साठ्याच्या ०.३ टक्के मासळी पकडते. 'ह' होड्या असतील तर एकूण पकड ०.००३ × ह × म.

काही वर्षांनी पकड आणि वाढ सारखी होऊन साठा स्थिरावतो. तेव्हा

०.००३हम = ०.६म − ०.०००६म²

दोन्ही बाजूंना म ने भागा: ०.००३ह = ०.६ − ०.०००६म. म्हणजे म = १०००− ५ह. हे पकडीत घाला:

पकड = ०.००३ह × (१००० − ५ह) = ३ह − ०.०१५ह²

पुन्हा वर्ग बहुपदी! ती ० होड्यांना आणि २०० होड्यांना शून्य होते. टोक १०० होड्यांना:

पकड = १५० − ०.०१५(ह − १००)²

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा.

४० होड्या → एकूण ९६ टन, प्रत्येकीला २.४ टन
८० होड्या → एकूण १४४ टन, प्रत्येकीला १.८ टन
१०० होड्या → एकूण १५० टन, प्रत्येकीला १.५ टन
१६० होड्या → एकूण ९६ टन, प्रत्येकीला ०.६ टन

४० होड्या आणि १६० होड्या बंदरावर सारखीच मासळी आणतात. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी डिझेल, बर्फ, जाळी आणि माणसं चौपट लागली.

पूर्ण वर्गाचं रूप आणखी एक गोष्ट दाखवतं, जी नुसत्या सूत्रातून दिसत नाही. १०० ऐवजी ८० च होड्या ठेवल्या तर तोटा किती? ०.०१५ × २०² = फक्त ६ टन. वीस टक्के होड्या कमी केल्या आणि मासळी चारच टक्के कमी झाली. टोकाजवळ वक्र सपाट असतो म्हणून असं होतं. टोकापासून जितकं लांब जाल, तितका तोटा वर्गाच्या पटीत वाढतो.

मग होड्या १०० वर थांबत का नाहीत?

कारण खलाशी आणि मालक एकूण टन बघत नाहीत. आपल्या होडीचं काय ते बघतात, आणि ते बरोबरच आहे. १९५४ मध्येच कॅनडाचा अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन याने हे मांडलं. समजा, एका होडीचा वर्षाचा खर्च ०.६ टन मासळीच्या किमतीएवढा आहे. मग सगळ्यांची मिळून शिल्लक

शिल्लक = ३ह − ०.०१५ह² − ०.६ह = २.४ह − ०.०१५ह²

ही ० ला आणि १६० ला शून्य होते. जोपर्यंत शिल्लक धन आहे तोपर्यंत नवीन माणसाला होडी घ्यावीशी वाटणार. १५० होड्या असल्या तरी अजून थोडं सुटतंय, म्हणून आणखी एक येते. ही भरती १६० ला थांबते, जिथे कोणालाच काही उरत नाही. आणि शिल्लक सगळ्यात जास्त कुठे? मध्यावर, म्हणजे ८० होड्यांवर.

८० होड्या: पकड १४४ टन, खर्च ४८, शिल्लक ९६.
१६० होड्या: पकड ९६ टन, खर्च ९६, शिल्लक शून्य.

लक्षात आलं का? कुठलेही आकडे घ्या, या मॉडेलमध्ये मोकळं सोडलं की होड्या बरोब्बर दुप्पट होतात, कारण टोक नेहमी दोन मुळांच्या मध्ये असतं. कोणी लोभी नसलं तरी हे होतं. समुद्र सगळ्यांचा आहे आणि दाराला कडी नाही, एवढं पुरतं. परवाने मर्यादित ठेवण्यामागचं गणित ते हेच.

टेक्नॉलॉजी वाढली की काय होतं?

आता आपल्या वेबसाइटचा विषय. आज मच्छीमारांकडे फिश फाइंडर आहे, जीपीएस आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे याची सूचना देते. यामुळे शोधाशोध वाचते, डिझेल वाचतं. चांगलीच गोष्ट आहे. पण आपल्या मॉडेलमध्ये एका होडीची ताकद दुप्पट करून बघा, ०.३ च्या जागी ०.६ टक्के:

पकड = ६ह − ०.०६ह² = १५० − ०.०६(ह − ५०)²

टोक १०० वरून ५० वर सरकलं. पण त्याची उंची? तीच, १५० टन. आणि जुन्या १०० होड्या तशाच ठेवल्या तर? ६०० − ६०० = ०. काल ज्या १०० होड्या अगदी योग्य होत्या, त्याच आज दुप्पट ताकदीने समुद्र रिकामा करतात.

हे फक्त आपल्या आकड्यांचं नाही. अक्षरं ठेवून केलं (वाढीचा दर 'र', जास्तीत जास्त साठा 'स', होडीची ताकद 'त') तर टोक येतं र/२त होड्यांना आणि उंची येते रस/४. उंचीत 'त' कुठेच नाही! म्हणजे समुद्र किती देऊ शकतो हे मासळी ठरवते, जाळं ठरवत नाही. जाळं फक्त एवढंच ठरवतं की तेवढी मासळी काढायला किती होड्या पुरतात. म्हणून एकदा ठरवलेली होड्यांची संख्या कायम धरून चालत नाही. यंत्र सुधारलं की आकडा पुन्हा काढावा लागतो. आणि जुन्या ताकदीचा रापणकर त्याच पाण्यात असेल तर त्याच्या वाट्याला काय येतं, हे वेगळं सांगायला नको.

मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा?

सरसकट नाही. या मॉडेलमध्ये एकच जात आहे, पाण्याचं तापमान बदलत नाही, आणि मोठा मासा लहान माशाला खात नाही. खऱ्या समुद्रात हे सगळं असतं. केरळात २०१२ मध्ये तारली सुमारे ४ लाख टन मिळाली होती, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. एवढा चढउतार फक्त होड्यांमुळे होत नाही, समुद्राचं हवामानही त्यात असतं. पेरूमध्ये १९७० च्या आसपास अँकोव्ही मासळीची पकड वर्षाला १ कोटी टनांच्या वर होती. मग जास्त मासेमारी आणि १९७२ चा एल निनो एकत्र आले आणि मासळी कोसळली.

म्हणून अनेक शास्त्रज्ञ म्हणतात की अगदी टोकावर उभं राहू नका, थोडं अलीकडेच थांबा. आपण वर बघितलंच: अलीकडे थांबायची किंमत फार थोडी, चार टक्के. पलीकडे घसरायची किंमत मोठी.

किमान किंमत कुठे लागते?

तुमच्या फोनमध्येच. समजा, नेटचा स्पीड तीनदा मोजला: १०, १२ आणि १७ एमबीपीएस. तिन्हींच्या सगळ्यात जवळचा एकच आकडा 'म' निवडायचा आहे. प्रत्येकापासूनच्या फरकाचा वर्ग घेऊन बेरीज करू:

(म − १०)² + (म − १२)² + (म − १७)² = ३म² − ७८म + ५३३ = ३(म − १३)² + २६

इथे अ धन आहे, म्हणून टोक खाली. किमान बेरीज २६, आणि ती येते म = १३ ला. १३ म्हणजे काय? तिन्ही आकड्यांची सरासरी! सरासरी काढतो तेव्हा आपण नकळत वर्ग बहुपदीची किमान किंमतच शोधत असतो. स्प्रेडशीटमधली ट्रेंडलाइन याच कल्पनेवर चालते, आणि मशीन लर्निंगमध्ये 'चूक कमीत कमी करा' म्हणतात त्याची सुरुवातही इथूनच होते.

फोनवर करून बघा

१. डेसमॉस किंवा जिओजेब्रा यापैकी एक अ‍ॅप घ्या. दोन्ही फुकट आहेत.
२. क्ष च्या जागी इंग्रजी एक्स वापरून ३क्ष − ०.०१५क्ष² टाइप करा.
३. वक्र दिसत नसेल तर झूम आउट करा. आडवा अक्ष ० ते २०० आणि उभा ० ते १६० हवा.
४. डेसमॉसमध्ये वक्रावर टॅप केलं की टोकावर ठिपका येतो. त्यावर टॅप करा, १०० आणि १५० दिसेल.
५. आता ३ च्या जागी ६ आणि ०.०१५ च्या जागी ०.०६ घाला. टोक डावीकडे सरकेल, उंची तीच राहील.

मग अ‍ॅप असताना हाताने कशाला करायचं? अ‍ॅप एका वेळी एका आकड्याचं टोक दाखवतं. 'उंचीत त नाही' हे मात्र अक्षरांनी केल्याशिवाय कळत नाही.

या चार गोष्टी विसरू नका

• आधी 'अ' चं चिन्ह बघा. कमाल शोधताय की किमान, हे त्यावरून ठरतं.
• बाहेर काढलेला सहगुणक कंसातल्या जास्तीच्या पदाला पण लागतो. (−२ × −१०० = +२००)
• टोक शक्य असलेल्या मर्यादेत आहे ना, ते तपासा. टोक २५ ला आलं आणि जागा २० पर्यंतच असेल तर उत्तर काठावर मिळतं.
• होड्यांसारख्या पूर्ण संख्या असतील आणि टोक अपूर्णांकात आलं तर शेजारच्या दोन्ही पूर्ण संख्या घालून बघा.

सरावासाठी

१. तारकर्लीच्या एका होमस्टेमध्ये १५०० रुपये भाड्याने महिन्यात ४० बुकिंग होतात. दर १०० रुपये वाढीला २ बुकिंग कमी होतात. सगळ्यात जास्त उत्पन्न किती भाड्याला?
२. ज्यांची बेरीज ३० आहे अशा दोन संख्यांचा गुणाकार जास्तीत जास्त किती?
३. दुप्पट ताकदीच्या होड्या (६ह − ०.०६ह²), खर्च तोच ०.६ टन. शिल्लक सगळ्यात जास्त किती होड्यांना? आणि मोकळं सोडलं तर होड्या किती होतील?

उत्तरं: १) १७५० रुपये, ३५ बुकिंग, उत्पन्न ६१,२५० रुपये. २) २२५. ३) ४५ होड्यांना १२१.५ टनांएवढी शिल्लक. मोकळं सोडलं तर ९० होड्या, आणि तेव्हा एकूण पकड फक्त ५४ टन.

तिसऱ्याचं उत्तर परत एकदा वाचा. चांगल्या यंत्रामुळे जास्तीत जास्त शिल्लक ९६ वरून १२१.५ वर गेली. पण दार उघडं ठेवलं तर शेवटची पकड ९६ वरून ५४ वर आली. यंत्र तेच, समुद्र तोच. फरक पडला तो होड्या कुठे थांबवल्या याने.